नोंदणी कोणाच्या नावावर

संगणक बंद पडला त्या सकाळी मला सिस्टरांच्या पुस्तकाची शेवटची पानं लावायची होती. बटण दाबलं तसा आतला पंखा घरघरला, पडदा एकदा निळा झाला आणि सगळं थांबलं. दुपारी दुरुस्तीवाला आला. झाकण काढून त्याने मला आत डोकवायला लावलं. आतल्या हिरव्या पाटीवर गंजाने ठिपके धरले होते.

"मांडवीचा खारा वारा, वहिनी," तो म्हणाला. "इथे खिडक्यांचे गज टिकत नाहीत, हे कुठून टिकणार?"

डिस्क मात्र शाबूत होती. त्याने ती नव्या यंत्रात बसवली, सगळ्या फाइली जागच्या जागी आहेत हे दाखवलं आणि गेला. मी देवासमोर हात जोडले. जरा लवकरच जोडले.

आमचा धंदा अक्षरजुळणीचा. घराच्या पुढच्या खोलीत मी आणि माझे यजमान, दोघांनी मिळून चालवलेला. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, देवळांची पावतीपुस्तकं, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, आणि मधूनच एखादं पुस्तक. मराठी टाइप करून पानं लावायचं एक सॉफ्टवेअर आम्ही लग्नानंतर थोड्याच वर्षांत घेतलं होतं आणि त्याच्यावरच आजवर निभावलं. त्याची एक खोड आहे. त्यात केलेली फाइल दुसऱ्या कशातही उघडली, तर मराठी दिसतच नाही. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलरची चिन्हं, सगळं एकत्र कालवल्यासारखं दिसतं. नव्या यंत्रावर ते सॉफ्टवेअर चढवलं की झालं, असं मी धरून चालले होते. चढवलंही. मग त्याने लायसन्स की मागितली.

हे असलं सगळं यजमानांच्या डोक्यात असायचं. कुठल्या यंत्राला कुठली की, कुठल्या ईमेलवर नोंदणी, कुठला पासवर्ड, कधी नूतनीकरण. कुणी म्हणालं, "अहो, लिहून ठेवा कुठेतरी," की ते कपाळावर बोट टेकवायचे. त्यांना त्याचा अभिमान होता आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं, कारण माझ्यामागे ती कटकट नव्हती. मी टाइप करायची, ते बाकीचं बघायचे. मग गेल्या वर्षी गणपतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे आवाज आहे, समजतं सगळं, हसतात, चिडतात, पण तोंडातून एकच शब्द बाहेर येतो, "आता." चहा हवा, "आता." पंखा बंद कर, "आता." मुलाचा फोन आला, "आता, आता." वाचा शिकवणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा येतात. क्वचित एखादा दुसरा शब्द निसटतो आणि त्या दिवशी घरात सण असतो.

तर लायसन्स की. सॉफ्टवेअरच्या सीडीची डबी कपाटात वरच्या फळीवर सापडली. आत स्टिकर होता. दमटपणाने तो तपकिरी झालेला, पण की वाचता येत होती. फक्त एका जागी आठ आहे की बी, ते कळेना. मी भिंग आणलं, उजेडात धरलं, यजमानांपुढे धरलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आता."

मी आठ घालून पाहिलं. की चुकीची आहे. मग बी घातला. की बरोबर आहे, असं आलं, आणि मी टाळी वाजवेपर्यंत खाली दुसरं वाक्य उमटलं. ही की दुसऱ्या संगणकावर वापरात आहे, आधी तिथून काढा.

दुसरा संगणक म्हणजे तो गंजलेला. मेलेल्या यंत्रात जाऊन मी काय काढणार? सॉफ्टवेअर म्हणत होतं, नोंदणीकृत ग्राहकाने आपल्या खात्यात जाऊन जुना संगणक काढून टाकावा. खात्याला ईमेल होता, तो दुकानाचा, मला माहीत होता. पासवर्ड माहीत नव्हता.

यजमानांना खुर्चीसकट संगणकापुढे आणलं. "अहो, पासवर्ड टाका. बोलू नका, नुसता टाका." त्यांचा डावा हात कळफलकावर आला आणि माझ्या डोळ्यांसमोर बोटं झरझर चालली. चार-पाच अक्षरं पडली आणि हात थांबला. पुढची अक्षरं उजव्या हाताची होती. उजवा हात मांडीवर पडलेला. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा हाताकडे. डाव्या हाताने उरलेली शोधू लागले, पण त्या बोटांना उजवीकडचं काही ठाऊकच नव्हतं. चुकलं. पुन्हा केलं, चुकलं. मग खातं काही वेळासाठी बंद करण्यात आलं आहे, असा निरोप आला. त्यांनी कळफलक पुढे ढकलला, तो खाली पडला आणि शिफ्टचं बटण निघून कपाटाखाली गेलं. मी ते काढायला वाकले तेव्हा मला रडू येत होतं आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी बराच वेळ कपाटाखालीच शोधत राहिले.

आता सिस्टरांबद्दल सांगायला हवं. त्या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणतो, मीही म्हणते. संगमेश्वरकडच्या गावांमधून त्यांनी उभं आयुष्य बाळंतपणं केली आणि निवृत्तीनंतर त्या आठवणी लिहून काढल्या. हस्ताक्षर मोत्यासारखं, पण एक सवय होती. आमच्याकडे प्रूफ बघायला यायच्या आणि वाचता वाचता त्यांना आणखी काहीतरी आठवायचं. मग म्हणायच्या, "हे घालू या का गं?" आणि बोलू लागायच्या. मी थेट टाइप करायची. पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी अशा आलेल्या, कागदावर कधी न आलेल्या.

त्यातली एक खाडीची होती. अडलेल्या बाईला होडीतून पलीकडे नेत असताना ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. ना पुढे जाता येईना, ना मागे. बाळंतपण तिथेच झालं. होडीवाल्याने लाजून पाठ फिरवली होती, पण सिस्टरांनी त्याला बॅटरी धरायला लावली. तो तोंड दुसरीकडे करून मागे हात लांब करून बॅटरी धरून उभा राहिला आणि उजेड नेमका भलतीकडे पडत राहिला. हे सांगताना सिस्टर स्वतः उभ्या राहिल्या होत्या, हात मागे करून. यजमान तेव्हा धडधाकट होते. ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला.

मी सिस्टरांना फोन करून अडचण सांगितली. त्यांच्या पंचाहत्तरीला प्रकाशन ठरलं होतं. सभागृह घेतलं होतं, मुलीकडची माणसं यायची होती. त्या म्हणाल्या, "अगं, मी परत सांगते, तू परत टाइप कर." आल्या, बसल्या, मी मुलाच्या लॅपटॉपवर टाइप करू लागले. पण गोष्ट आलीच नाही. होडी रुतली, बाळंतपण झालं, मुलगी झाली, असं चार वाक्यांत संपलं.

"तो बॅटरीवाला?" मी विचारलं.

"हो, तोही होता," सिस्टर म्हणाल्या. मग स्वतःच ओशाळल्या. "नाही गं जमत. एकदा सांगून झाली ना."

त्यांच्या जावयाने सुचवलं की मुखपृष्ठ छापून तयार आहे तर ते दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला लावून प्रकाशन उरकून घेऊ, फोटोत कुणाला कळतंय. सिस्टर ताडकन म्हणाल्या, "मूल बाहेर आल्याशिवाय मी कधी कुणाला पेढे वाटू दिले नाहीत." समारंभ पुढे ढकलला. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. जावयाने मात्र जाताना, "एवढ्या वर्षांच्या धंद्यात बॅकअप वगैरे काही नव्हतं का?" असं विचारलं. बॅकअप होता हो. पेन ड्राइव्हवर होता, मुलाच्या लॅपटॉपवर होता. सगळीकडे होता आणि कुठेही वाचता येत नव्हता. हे त्याला समजावून सांगायचा मला कंटाळा आला.

मुलगा जहाजावर. त्याला निरोप टाकला होता, त्याचं उत्तर कुठल्याशा बंदरातून आलं. "आई, मी केव्हापासून सांगतोय, युनिकोड वापर, ते कुठेही उघडतं." मी फोन उलटा ठेवून दिला.

मग मी सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. यजमानांना शेजारी बसवलं होतं. आधी इंग्रजीत एक दाबा, हिंदीत दोन दाबा, मग गाणं, मग आमच्यासाठी तुमचा फोन महत्त्वाचा आहे, मग परत गाणं. शेवटी एक मुलगी बोलली. मराठी होती म्हणून मला हायसं वाटलं. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ओके मॅडम. सिक्युरिटीसाठी मला रजिस्टर्ड कस्टमरचं पूर्ण नाव सांगा."

मी यजमानांचं नाव सांगितलं.

"मॅच होत नाही मॅडम."

मी स्पेलिंग बदलून सांगितलं, दोनदा ए घालून. नाही. सासऱ्यांचं नाव मध्ये घालून सांगितलं. नाही. दुकानाचं नाव सांगितलं.

"नाही मॅडम."

"मग कुणाचं आहे ते तरी सांगा."

"ते मी नाही सांगू शकत मॅडम. ते तुम्हीच सांगायचं असतं."

"अहो, पण पैसे आम्ही भरले, डबी माझ्या हातात आहे, की वाचून दाखवते."

"की कुणाच्याही हातात असू शकते मॅडम," ती म्हणाली, आणि तिचं खरंच होतं, म्हणून मला आणखी संताप आला. "ज्यांनी रजिस्ट्रेशन केलं त्यांना लाइनवर घेता का? ते सांगतील."

मी तिला यजमानांच्या आजाराचं सांगितलं. तिला वाईट वाटलं असावं, पण म्हणाली, "नुसतं नाव बोलले तरी चालेल मॅडम, मी थांबते."

मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला. "अहो, नाव सांगा. कुणाच्या नावावर केलंय ते सांगा." त्यांनी मोठा श्वास घेतला. मान ताठ केली. ओठ जुळवले. "आता," ते म्हणाले. डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. "आ... आता."

"सर, आवाज क्लिअर येत नाहीये," मुलगी म्हणाली.

त्यांचा चेहरा लाल झाला. मग एकाएकी डावा हात उचलून त्यांनी माझ्या खांद्यावर बोट मारलं. "तू," ते म्हणाले. "तू. तू."

"मी कशी सांगू? मी सांगितलं ते जुळत नाही ना!"

"तू!" बोट आणखी जोरात लागलं.

"अहो, त्यांना तुमच्या तोंडून हवंय. मी बोलून चालत नाही." माझाही आवाज चढला होता. तिकडे ती मुलगी ऐकत होती. यजमानांनी हात खाली टाकला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सॉरी मॅडम. मग एकच उपाय आहे. लॉगिनच्या पानावर पासवर्ड विसरलात का म्हणून आहे, ते दाबा. रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी जाईल."

ते दाबलं. ओटीपी पाठवला आहे, असं आलं. कुठे पाठवला? नंबर सगळा फुल्यांनी झाकलेला, शेवटचे आकडे तेवढे दिसत होते. ते बघताच मी ओळखले. यजमानांचा जुना नंबर. त्यांच्या आजारपणात त्या सिमला रिचार्ज मारायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि पुढे केव्हातरी तो नंबर गेला होता.

तरी लावून पाहिला. घंटा वाजली. एका बाईने उचलला.

"हॅलो, मी रत्नागिरीहून बोलतेय. तुमच्या मोबाइलवर आत्ता एक ओटीपी आला असेल बघा, तो जरा..."

फोन कट.

पुन्हा लावला. "अहो ताई, गैरसमज करू नका, हा नंबर आधी माझ्या यजमानांचा होता..."

"मला काय कळत नाय असं समजू नका," ती बाई म्हणाली. "माझ्या दिराचं खातं असंच साफ केलं तुमच्यासारखीने. गोड बोलून. पोलिसात देईन." कट.

तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. सगळीकडे तेच सांगतात, बँकेत पाटी, टीव्हीवर जाहिरात, फोन लावला की आधी तीच सूचना. आणि मी नेमकं तेच मागत होते. मी तिला लांबलचक मेसेज लिहिला. यजमानांचा, दुकानाचा आणि मुखपृष्ठाचा फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं. "खऱ्या असाल तर समोर येऊन दाखवा. दापोली." आणि खाली वाडीचं नाव.

मी धाकट्या जावेला यजमानांजवळ बसायला बोलावलं. ती म्हणाली, "वहिनी, सहा आकड्यांसाठी दापोलीला? वेड लागलंय तुम्हाला." पण आली. सकाळी रहाटाघरच्या स्टँडवरून गाडी धरली. महामार्गाचं काम चालू म्हणजे चालूच. संगमेश्वरपर्यंत माती, पुढे चिपळूणपर्यंत वळणं काढून दिलेली. खेडला गाडी बदलली. उन्हाने डोकं धरलं होतं. पिशवीत सीडीची डबी, दुकानाचा परवाना, यजमानांचे दवाखान्याचे कागद, आमचा लग्नातला फोटो. एका अनोळखी बाईला मी चोर नाही हे पटवण्यासाठी काय काय लागेल ते मला कळेना, म्हणून सापडलं ते सगळं घेतलं होतं. वाटेत मला आठवून आठवून राग येत होता. कंपनीचा, नंबर दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्यांचा, जावयाचा, आणि सगळ्यात जास्त यजमानांचा. कपाळावर बोट टेकवायचे! लिहून ठेवलं असतं तर काय हात झिजले असते? मग त्यांचा हात आठवायचा आणि मला स्वतःचाच राग यायचा.

बाईंचं घर गावाबाहेर. अंगणात कलमांच्या पिशव्यांच्या रांगा, आंबा, फणस, कोकम. त्या स्वतः पाइपने पाणी घालत होत्या. माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील. मी नाव सांगितलं तसं त्यांनी पाइप खाली ठेवला, पण बस म्हणाल्या नाहीत. पिशवीतलं एकेक मी काढून दाखवलं. लग्नाच्या फोटोकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे.

"खरंच आलात काय हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी लिहिलं ते यायचं नाय म्हणून लिहिलं. चोर काय घरी येत नाय."

मग पाणी आलं, कोकम सरबत आलं. "हे तुमचे यजमान बोलत नाय म्हणता? मला त्यांचे किती फोन येतात माहीत आहे काय? गॅसवाले, विमावाले, कोण त्यांचा मित्र, दर सणाला फोन करून मला दादा म्हणतो."

आता ओटीपी. त्यांच्या घरात फोनला रेंज नव्हती. "सड्यावर जावं लागेल. तुमचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते म्हणून लागला," त्या म्हणाल्या. घरामागून पायवाटेने आम्ही वर चढलो. वर नुसता काळा कातळ, तापलेला, झाड म्हणून नाही. चपलेतून चटका लागत होता. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली, मी पदर घेतला, आणि दोघी फोन आभाळाकडे धरून उभ्या राहिलो. माझ्या मोबाइलवर लॉगिनचं पान उघडायला इतका वेळ लागला की त्यांना हसू आलं. दाबलं. त्यांच्याकडे काही येईना. वाट बघून पुन्हा दाबलं. मग आधीचा आला. त्यांनी वाचला, मी टाकला, मुदत संपली आहे. नंतरचा आला तोवर माझी रेंज गेली.

"थांबा, तिकडे गडग्यापाशी चांगली येते."

त्या दगडी गडग्यापाशी, बांधाच्या कडेला गेलो. दाबलं. या वेळी लगेच आला. त्या एकेक आकडा मोठ्याने ओरडून सांगत होत्या, मी शेजारीच उभी असूनही. टाकला. नवा पासवर्ड मागितला, दिला. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि उघडलं.

वर डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, स्वागत आहे. आणि पुढे माझं नाव. माझं, माहेरच्या आडनावासकट, वडिलांचं नाव मध्ये घालून.

आधी मला अर्थच लागला नाही. मग हळूहळू आठवलं. लग्नाआधी मी मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली होती. ते सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा टायपिंगचं प्रमाणपत्र असलेल्यांना कंपनी काहीतरी सवलत देत होती. यजमानांनी एकदा माझं प्रमाणपत्र मागून घेतलं होतं, झेरॉक्स काढून परत आणून दिलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. प्रमाणपत्रावर माझं माहेरचं नाव. त्या मुलीला मी नुसतं माझं माहेरचं नाव सांगितलं असतं, तर तिने तिथल्या तिथे काम करून दिलं असतं.

आणि ते सांगत होते. खांद्यावर बोट मारून मारून सांगत होते. तू, तू.

"काय झालं ओ? पैसे गेले काय?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझंच आहे हे." आणि त्या कातळावर उन्हात बसून मी हसत होते की रडत होते ते मला सांगता यायचं नाही. बाई शेजारी उकिडव्या बसल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बापयांचं असंच. चांगलं करतील तेपण चोरून." मग माझ्या फोनमध्ये डोकावून, "ते जुनं यंत्र काढायचं ते काढा आधी, नायतर परत रेंज जाईल." मी काढलं.

परत पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. यजमान दारातच खुर्चीत. जाऊ म्हणाली, "दिवसभर रस्त्याकडे बघतायत, जेवले पण नाहीत धड." मी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि त्यांच्यापुढे उभी राहिले.

"माझ्या नावावर आहे ते," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मोठे केले. मग डाव्या हाताने खुर्चीचा हात धडाधड बडवला. "तू!" ते ओरडले. "तू! तू!" माझी चूक पदरात घालण्याची अशी संधी त्यांना आजारपणात मिळालीच नव्हती, आणि ते ती सोडणार नव्हते. मीही ऐकून घेणार नव्हते. "एवढ्या वर्षांत एकदा सांगायला काय झालं होतं? तोंड होतं ना तेव्हा?" हे बोलून गेले आणि जीभ चावली. जाऊ स्वयंपाकघरात सटकली. मग यजमानांच्या छातीतून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. बऱ्याच महिन्यांनी तसं हसणं ऐकलं, पण माझा राग काही तेवढ्याने गेला नाही. त्या रात्री मी त्यांना भात भरवला तो घुश्शातच.

सॉफ्टवेअर उघडलं. पुस्तक उघडलं. खाडी, ओहोटी, बॅटरी, सगळं जिथे होतं तिथे होतं. सिस्टरांनी त्या पानाचं प्रूफ वाचलं, दोन स्वल्पविराम दिले आणि म्हणाल्या, "हे मी सांगितलं होतं का? चांगलं सांगितलंय." प्रकाशन पावसाळ्याआधी उरकलं. मुलीकडची माणसं येऊ शकली नाहीत. जावई आला आणि भाषणात म्हणाला की काही तांत्रिक कारणांमुळे उशीर झाला. तांत्रिक कारण तिसऱ्या रांगेत यजमानांच्या खुर्चीशेजारी बसून टाळ्या वाजवत होतं.

त्यानंतर महिन्याभरात कंपनीचा ईमेल आला. हे सॉफ्टवेअर यापुढे नव्या संगणकांवर सक्रिय करता येणार नाही, कृपया वार्षिक वर्गणीची नवी आवृत्ती घ्यावी, नव्याने नोंदणी करावी. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. यजमान म्हणाले, "आता." या खेपेला ते अगदी बरोबर वाटलं. हल्ली मी रोज दुपारी एकेक जुनी फाइल उघडून मुलगा म्हणतो त्या युनिकोडमध्ये घेतेय. जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, प्रत्येक पान नव्याने तपासावं लागतं. कधी संपेल सांगता येत नाही.

आणि नंबर बदलायचं काम तर अजून चालूच आहे. गॅसचा बदलला. विम्याचा बदलायला गेले तर म्हणाले, जुन्या नंबरावर ओटीपी येईल तो सांगा. बँकेचंही तेच, वीज बिलाचंही तेच. म्हणून मी रोज दुपारी फोन जवळ ठेवते, कारण दापोलीच्या बाई पाणी घालून झालं की सड्यावर चढतात आणि लावतात.

"वहिनी, आज दोन आलेत. एक बँकेचा वाटतो, एक कसला ते कळत नाय. सांगू का दोन्ही?"

"सांगा," मी म्हणते.

"आधी तुमचं नाव सांगा," त्या म्हणतात. "पूर्ण. माहेरचं."